डाउनहिल उतारा

१२ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. पुढंमागं कुणी विचारलं की सोमेशराव, हे डिझाइन तुम्हाला सुचलं कसं, तर हाताशी पुरावा पाहिजे.

मेव्हण्यानं, म्हणजे मल्लेशनं, पुण्याहून पाठवलेली माउंटन बाइक आज जळकोटच्या फाट्यावर उतरवून घेतली. तो पुण्यात सायकलच्या दुकानात मेकॅनिक आहे. फ्रेम जुनी, एका बाजूनं चरा गेलेला, पण जात खानदानी. सोबत गोणीभर सुटे पार्ट. सगळं पुढच्या खोलीत मांडलं. खोली एकदम वर्कशॉप वाटायला लागली.

बायकोला, शिवरंजनीला, समजावून सांगितलं. माउंटन बाइक दोन प्रकारच्या. एन्ड्युरो टेकडी चढते आणि उतरतेही. डाउनहिल फक्त उतरते, पण उतरते म्हणजे काय, दगडधोंड्यांवरून उतरते. तिचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, दुहेरी, स्प्रिंग दांडगी, वजन जबर. लोक दोन सायकली घेतात. मी एकीलाच दोन्ही रूपं देणार. चढताना एन्ड्युरो, उतरताना डाउनहिल. नाव पण ठरवलं: द्विरूप.

ती म्हणाली, आपली म्हैस टेकडीवर जाती अन् खाली बी येती, मधी कुणी तिचे पाय बदलत न्हाय. मग विचारलं, खोली कधी रिकामी व्हणार? तिला तिथं शेवयाचं मशीन टाकायचंय.

आठ दिवस म्हणालो. जास्तीत जास्त दहा.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो. डिझाइन कागदावर पूर्ण. मागच्या चाकाच्या सांध्याला एक पट्टी, पट्टीला दोन भोकं. बोल्ट वरच्या भोकात घातला की एन्ड्युरो, खालच्या भोकात घातला की डाउनहिल. फोर्क, स्प्रिंग आणि टायर तेवढे बदलायचे. एवढं सोपं कुणाला कसं सुचलं नाही!

पट्टी वेल्डरकडून करून घेतली. ट्रॅक्टरच्या जुन्या नांगराचं लोखंड आहे, मजबूत. मापं शाळेच्या व्हर्निअरनं घेतली. मी प्रयोगशाळा सहायक आहे त्याचा एवढा तरी फायदा पाहिजे. फिजिक्सचे सर व्हर्निअर कुठंय म्हणून विचारत होते. कॅलिब्रेशनला पाठवलाय म्हणालो. ते खूश झाले.

संकल्प: सोमवारपासून रोज पहाटे बोडक्या टेकडीवर पायी जाणं. दम वाढवणं.

२७ जानेवारी, सोमवार

थंडी लई. दम तसाही बरा आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून बसून डाउनहिल रूप पूर्ण केलं. काय दिसतीय! अव्वा, म्हणजे माझी आई, बघायला आली आणि म्हणाली, नांगर कशाला इथं आणलास. जुन्या माणसांना पुढचं कळत नाही.

चार वाजता बाहेर काढली. इथं एक तांत्रिक अडचण लक्षात आली. आपलं घर टेकडीच्या खाली आहे. डाउनहिल सायकल खाली येण्यासाठी आहे. आम्ही दोघंही आधीच खाली होतो.

ढकलत निघालो. धुळाप्पा शेळ्या घेऊन खाली येत होता. त्यानं विचारलं, पंक्चर हाय का? म्हटलं, नाही, हिच्यावर बसून वर जायचं नसतं. मग हिच्यावर बसतं कोण, असं त्यानं विचारलं. मी हसून सोडून दिलं. पहिल्या बाभळीपाशी कंबर बोलायला लागली, परत फिरलो. धुळाप्पा मागंच होता. म्हणाला, आता तर उतार हाय, आता बसा की. त्याला सांगितलं, एवढ्याशा उताराला डाउनहिलची स्प्रिंग जागी होत नाही. उगाच बसून सायकलीचा अपमान.

९ फेब्रुवारी, रविवार

चूक सुधारली. एन्ड्युरो रूप करून वर गेलो. टेकडीच्या माथ्यापर्यंत पोचलो! (अधूनमधून ढकलली. चढाचा सगळा भाग हा अधूनमधूनमध्ये येतो. परदेशात पण ढकलतात, व्हिडिओ आहे.)

वर पवनचक्क्या गरगर फिरत होत्या, वारं सुटलेलं, खाली हायवे, जळकोट, आपलं घर. छाती भरून आली. मग उताराकडं बघितलं. उतार पूर्णपणे डाउनहिलचा आहे. आणि सायकल एन्ड्युरो. अशा उतारावर एन्ड्युरो घालणं म्हणजे लग्नाला चपला घालून धोतर विसरणं. जाड फोर्क घरी पलंगाखाली.

पवनचक्कीच्या रस्त्यानं सायकल हातात धरून चालत खाली आलो.

निष्कर्ष: खाली असलो की सायकल डाउनहिल असते, वर गेलो की एन्ड्युरो. हा दोष डिझाइनचा नाही. घराचा आहे. आजोबांनी घर बांधताना टेकडीवर बांधायला पाहिजे होतं. विचारच केला नाही त्यांनी.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सगळी सोय करून गेलो. एन्ड्युरोवर जाड फोर्क, स्प्रिंग, मोठा टायर गोणीत बांधून. वर पोचलो, गोणी सोडली, सायकल उलटी केली, पुढचा फोर्क काढला. जाड फोर्क कसायची सहा नंबरची ॲलन की घरी राहिली.

शिवरंजनीला फोन केला की जरा वर आणून दे. तिचे हात पापडाच्या पिठात होते. ती काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

स्वतः खाली गेलो. जेवलो. जरा पडलो. परत वर गेलो तर धुळाप्पाचं एक बोकड हँडलची ग्रिप चघळत होतं. धुळाप्पा म्हणाला, रबर गोड असंल. मी त्याला ग्रिपचं महत्त्व सांगितलं. तो म्हणाला, तुमी एकदा बसा, मग कळंल कशाकशाचं महत्त्व हाय ते. अडाणी माणूस.

अंधार पडायला लागला म्हणून परत.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

उपास. अंगात ताकद नसताना भांडण झालं. शिवरंजनीचं म्हणणं, आठ दिवसांचे दीड महिने झाले. पाडव्याला सोलापूरहून शेवयाचं मशीन येतंय, आळीतल्या सगळ्या बायकांना सांगून बसलीय, आता माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी म्हणालो, आणि माझ्या तोंडाचं काय? शाळेत सगळ्यांना सांगून बसलोय.

बराच वेळ चाललं. शेवटी तिनं अट घातली. पाडव्याच्या आत एकदा, फक्त एकदा, टेकडीच्या माथ्यापासून खालच्या रस्त्यापर्यंत सायकलीवर बसून यायचं. पाय टेकायचा नाही. तिचा भाऊ साक्षीदार. जमलं तर खोली माझी, ती मशीनचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर सायकल खोलीतनं बाहेर, आणि परत विषय नाही.

मी लगेच मान्य केलं. मनातल्या मनात हसलो. बिचारीच्या मशीनचं वाईट वाटलं.

अव्वा कोपऱ्यात शेंगा फोडत होती. ती स्वतःशीच म्हणाली, पोराला कुणाची तरी नजर लागलीय, सायकलीशी बोलतंय. बोलत नाही मी. मोठ्यानं विचार करतो.

२ मार्च, रविवार

तारीख ठरवली. २९ मार्च, शनिवार. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपार मोकळी. मल्लेशला कळवलं. तो म्हणाला, दाजी, तारीख बघून घेतली ना? म्हटलं, शाळेचं वेळापत्रक बघूनच ठरवलीय.

९ मार्च, रविवार

ट्रॅक आखला. माथ्यावरनं खाली तरवडाच्या झुडपांमधून, मोठ्या खडकावरून उडी, मग ओढ्याच्या अंगानं रस्ता. दोन्ही बाजूंनी दगडांना चुना मारला. वरनं एकदा खाली बघितलं आणि लगेच घरी आलो, म्हणजे उत्साहानं.

सुरुवातीच्या जागी बोर्ड पाहिजे. सिदू पेंटरला मजकूर सांगितला: डाउनहिल उतार, सुरुवात इथून, खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर.

११ मार्च, मंगळवार

सिदूनं बोर्ड स्वतःच नेऊन रोवला. मोठा लिहिलाय, रस्त्यावरनं दिसतो. फक्त त्यानं ‘उतार’चं ‘उतारा’ केलंय. डाउनहिल उतारा, सुरुवात इथून. विचारलं तर म्हणाला, तालुक्यातल्या सगळ्या ऑनलाइन सेंटरचे बोर्ड मीच रंगवतो, सातबारा उतारा, आठ अ उतारा, हात तिकडंच जातो. आणि वर मलाच सुनावलं की नुसतं उतार म्हणजे तापाला पडतो तो, बोर्डावर कोण लिहितं?

असू दे. एका कान्यानं काय फरक पडतो.

१६ मार्च, रविवार

फरक पडला. फोन सुरू झालेत! एवढा प्रतिसाद अपेक्षित नव्हता. पहिले दोघं सातबारा मागत होते, ते सोडून देऊ. पण बाकीचे खरे सायकलप्रेमी. परांड्याहून एकानं विचारलं, शनिवारीच हाय ना? म्हणजे तारीख तिथपर्यंत पोचलीय. एक बाई विचारत होत्या, पोराला आणावंच लागंल का नुसता त्याचा सदरा आणला तरी चालंल? जर्सीबद्दल विचारत होत्या. म्हटलं, सदरा लागतोच, पण डोक्याला पण काहीतरी पाहिजे. त्या म्हणाल्या, व्हय, डोक्याचाच तर तरास हाय.

अजून एकानं विचारलं, काळं कोंबडं चालतं का? खाण्यापिण्याची व्यवस्था विचारायची ही काय पद्धत! म्हटलं, नॉनव्हेज अजिबात नको, आम्ही लिंगायत. तो म्हणाला, मग लिंबावर भागवू. लिंबू-पाणी चालेल म्हणालो.

२३ मार्च, रविवार

ट्रॅकवर गेलो. बोर्डाखाली पत्रावळीवर दहीभात, गुलाल, टाचण्या टोचलेलं लिंबू, हळदीकुंकवाचा नारळ. कुणीतरी माझ्यावर करणी केलीय. शाळेतलाच कुणीतरी जळका असणार, मला फिजिक्सच्या सरांचा संशय आहे.

मी विज्ञानवादी माणूस. असल्या गोष्टींना भीक घालत नाही. उजव्या बाजूनं लांबचा वळसा घेऊन गेलो कारण तिकडून ट्रॅकची लाइन चांगली दिसते.

संध्याकाळी शिवरंजनी शेतातनं येताना बोर्ड वाचून आली. हसून हसून उंबऱ्यातच बसली. मग तिनं सांगितलं की लोक बोर्ड वाचून तिथं उतारा टाकायला लागलेत. नजर उतरवलेला, बाधा काढलेला. शिवेवर, तिठ्यावर टाकतात तसा. आणि २९ तारखेला अमावास्या. ती पण शनी अमावास्या. वर्षातनं एखादीच. आख्खा तालुका येणार.

क्षणभर बसलो. मग लक्षात आलं, प्रेक्षक कशासाठी येतात याला महत्त्व नाही. येतात याला आहे.

२८ मार्च, शुक्रवार

मल्लेश आला. सायकल बघून त्यानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. डिझाइनचा धक्का असणार. मग पट्टीवर टिचकी मारली आणि विचारलं, दाजी, चालवून किती वेळा बघितली? सांगितलं, कागदावर पूर्ण सिद्ध झालीय. त्यानं ब्रेक दाबला तर दांडी सरळ हँडलला टेकली. सायकल उलटसुलट करताना ब्रेकमधलं ऑइल गळून गेलंय. म्हणाला, बिनब्रेकची बसू नका, मी उद्या वरती ऑइल भरतो. म्हटलं, डाउनहिलला ब्रेक तसे कमीच लागतात. तो शिवरंजनीकडं बघायला लागला.

अव्वा मल्लेशचा हात धरून रडली. एकुलता एक हाय, त्याला वरनं ढकलू नका म्हणाली. कोण ढकलतंय? मी पूर्ण तयार आहे. जेवण गेलं नाही, पण ते उन्हामुळं.

२९ मार्च, शनिवार, संध्याकाळी

सगळं क्रमानं लिहिलं पाहिजे.

शाळा सुटल्यावर टेकडीवर गेलो तर जत्रा. ट्रॅक्टर भरून आलेले लोक. बायका, म्हातारी माणसं. कुणाच्या हातात लिंबू, कुणाच्या नारळ. मला बघून वाट करून दिली. काही जणांनी नमस्कार केला. मी तिथंच खाली बसून सायकलीचं रूपांतर सुरू केलं आणि मोठ्यानं समजावत गेलो. हे एन्ड्युरो रूप. आता हे काढलं. आता दुसरं रूप येतंय. लोक हात जोडून ऐकत होते. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला सांगितलं, बघ, एक काढतोय अन् दुसरं घालतोय. शाळेत पोरं एवढं लक्ष देत नाहीत.

द्विरूप उभी राहिली. डाउनहिल, माथ्यावर! अडीच महिन्यांत पहिल्यांदा सायकल आणि उतार एका जागी आले. तरवडाच्या झुडपाला टेकवून ठेवली. मल्लेश ऑइलची बाटली शोधत होता. खाली रस्त्यावर शिवरंजनी उभी होती, इवलीशी दिसत होती. मला जोरात लघवीला लागली.

तिकडून परत येतो तर सदरावाल्या बाईंनी सदरा हँडलला अडकवलेला. त्यांचं बघून बाकीच्यांनी सुरू केलं. लिंबांच्या माळा, बिब्बे, काळ्या बाहुल्या, दांडीला बांधलेले नारळ. माझा फोर्क दिसेना. मी ओरडलो की अहो, वजनाचा तोल जातो! कुणी ऐकेना.

मग अव्वा आली. गर्दीतनं कशी वर आली देव जाणे, गुडघे दुखतात तिचे. पदराखाली ताट. भात, त्यावर गुलाल, लिंबू. मला काही बोलू दिलं नाही. सगळ्यांसमोर माझ्यावरनं तीनदा उतरवलं, इडापिडा टळो म्हणाली, आणि ताट नेऊन सायकलीच्या सीटवर ठेवलं. म्हणाली, हिनंच धरलंय तुला, हिच्याबरोबरच जाऊ दे. तिचे डोळे भरले होते. पण मी ठाम होतो. म्हटलं, अव्वा, बाजूला हो, मला बसायचंय.

सगळे एकदम ओरडले. हात लावू नका! उतारा ठेवलाय त्यावर!

मी तिथंच थांबलो. हात पुढं होता. पाय पुढं होता. माझा निर्धार शंभर टक्के होता हे नोंदवून ठेवतो. पण जनभावनेचा आदर म्हणून मी एक क्षण थांबलो, आणि त्या एका क्षणात नारळांच्या वजनानं हँडल फिरलं, फांदी मोडली आणि सायकल निघाली.

काय उतरली! सरळ चुन्याच्या दगडांमधनं. खडकावरनं उडाली, दोन्ही चाकांवर पडली, स्प्रिंग पूर्ण दबून परत वर आली. आयुष्यात एवढं सुंदर काही बघितलं नाही. भात उडतोय, लिंबं उडतायत, काळ्या बाहुल्या नाचतायत. ओढ्याचं वळणसुद्धा तिनं एकटीनं घेतलं. रस्ता ओलांडून शिवेच्या दगडाला जाऊन टेकली आणि आडवी झाली.

लोकांनी चांगभलं केलं. घेतला! स्वीकारला! आपोआप गेली! आणि सगळे पाठ फिरवून दुसऱ्या वाटेनं घरी निघाले. उतारा टाकल्यावर मागं वळून बघायचं नसतं, आणि घरी पाय धुऊनच आत जायचं असतं. पाच मिनिटांत टेकडी रिकामी. माझ्याकडं एकानं पण वळून बघितलं नाही.

खाली आलो, चालत. शिवरंजनीला म्हटलं, अट पूर्ण झालीय, माथ्यापासून रस्त्यापर्यंत आली, पाय टेकला नाही. ती म्हणाली, सायकल आली, तुमी कुठं आलात? मल्लेश म्हणाला, दाजी, तांत्रिकदृष्ट्या अक्का बरोबर बोलतीय.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. मशीन आलं. पुढच्या खोलीत बसवलं. उचलायला मीपण हात लावला.

मल्लेश पुण्याला गेला. डिझाइन खरंच चांगलं निघालं म्हणाला, सस्पेन्शन तर लई भारी काम करतंय. म्हटलं, मग सायकल घेऊन जा, तिकडं दाखव. तो म्हणाला, आणून द्या, नेतो. म्हटलं, तू आण की. तो म्हणाला, दाजी, तुमची वस्तू हाय. शेवटी एसटी आली म्हणून विषय थांबला.

६ एप्रिल, रविवार

सायकल अजून शिवेच्या दगडापाशीच. आठवडाभर उघड्यावर आहे, कुणी बोट लावलं नाही. भंगारवाल्यानं लांबनं बघितलं आणि गाडा वळवला. धुळाप्पा शेळ्या पलीकडनं नेतो. एवढी सुरक्षित पार्किंग पुण्यात मिळणार नाही.

सदरावाल्या बाईंचा फोन आला. पोराला रात्री झोप लागायला लागली. अव्वा पण सांगत फिरतीय की सोमेशला उतारा लागू पडला, पोरगं जेवायला लागलं, सायकलीशी बोलायचं थांबलं. मी हे अमान्य करतो. जेवतोय कारण ऊन कमी झालंय.

खरं एकच लिहितो, इथं कुणी वाचत नाही म्हणून. आता मला कुणी म्हणणार नाही की टेकडीवरनं बसून ये. छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटतंय.

संध्याकाळी ठरवून गेलो. माझी सायकल, माझं डिझाइन, मी विज्ञानाचा माणूस, आणायची म्हणजे आणायची. ॲलन की खिशात होती. जवळ गेलो. सीटच्या भेगेत भाताची शितं वाळलेली, हँडलला सदरा, कडेचं एक लिंबू कुजलेलं. पट्टी मात्र वाकलेली नाही. बोल्ट खालच्या भोकात जसा घातला तसाच. बघून लई अभिमान वाटला. रडूही आलं.

हात पुढं केला. मग म्हटलं, उगाच कशाला.

डाव्या बाजूनं वळसा घालून आलो. मागं वळून बघितलं नाही. शिवरंजनी शेवया वाळत घालत होती. तिनं तिथूनच पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, पाय धुऊन आत या.

धुतले.